दोनदा मिचकावले की बाहेर

१

हे सांगायचं नाही असं ठरलेलं आहे. आईने ताईला बजावलं, ताईने मला बजावलं आणि वर गळ्याची शपथ घातली. त्यामुळे मी कुणापाशी तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. तशीही मी तोंडातून फारसं काही काढत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागतं. पण लिहायचं नाही, असं काही कुणी म्हटलं नव्हतं.

शिवाय मी तिथे नव्हतेच. माझा कान दुखत होता म्हणून मला घरी ठेवलं होतं. तेव्हा ही गोष्ट ताईची. तिने ती मला भिंतीकडे तोंड करून सांगितली, आणि मी ती तिच्याच बाजूने सांगणार आहे. जिथे ती थांबली तिथे मीही थांबेन.

तर, आमची आई वायरमन आहे. दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलंय. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं होतं, "ताई, वायरमन कसं लिहू? तुम्ही तर बाई." आई म्हणाली, "लिही रे. दिव्याला काय कळतंय, बटण बाईने दाबलं की बुवाने." हा धंदा तिच्याकडे तिच्या वडिलांकडून आला. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि फोटो काढणाऱ्यावर थोडे वैतागलेले.

अण्णा आयुष्यभर पोहण्याच्या तलावावर कामाला होते. पंप त्यांचा, पाणी त्यांचं, दिवे त्यांचे. पाण्याखालच्या भिंतीत गोल दिवे असतात ना, ते त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले होते.

तो तलाव आता बुजवायचं ठरलं. त्याआधी एक निरोपाची संध्याकाळ करायची, जुन्या सगळ्या पोहणाऱ्यांना बोलवायचं आणि पाण्यातले दिवे पूर्वीसारखे लावायचे, असं तलावाच्या समितीच्या मनात आलं. अडचण एवढीच, की ते दिवे कित्येक वर्षांत लागले नव्हते. चार माणसं येऊन बघून गेली आणि हात टेकून गेली. मग कुणाला तरी आठवलं, की ज्याने दिवे बसवले त्याची लेक याच धंद्यात आहे.

एरवी कामाचा फोन आला की आई दहा प्रश्न विचारते. वायर कधीची, भिंत ओली आहे का, आधी कोण बघून गेलं, त्याने काय वाट लावून ठेवलीय. त्या दिवशी तिने एकही प्रश्न विचारला नाही. "येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

"आई, जमेल तुला ते?" ताईने विचारलं.

"न जमायला काय झालं? माझ्या बापाचे दिवे आहेत. लहानपणी त्यांच्यावर गाल टेकून बसायचे मी."

"पाण्यात?"

"मग काय झाडावर?"

२

ताई आईच्या हाताखाली काम शिकते. दोघी दुपार कलल्यावर पोचल्या. फाटकापाशी रखवालदार उभे होते. मिशी एवढी मोठी, की माणूस तिच्यामागून बोलतोय असं वाटावं. ताईने तिथल्या तिथे त्यांचं नाव मिशीकाका ठेवलं.

"या या, वीजमंडळ आलं! एवढीशी पिशवी? मागचा आला होता तो ट्रक घेऊन आला होता."

"मग लागले का दिवे?" आईने विचारलं.

"दिवे कसले लागतात, ट्रकच चिखलात रुतला."

आत गेल्यावर आई पायऱ्यांवरच थांबली. निळ्या फरश्या जागोजाग फुटल्या होत्या. उडी मारायची फळी काढून नेली होती, तिचे दोन लोखंडी पाय तेवढे उरले होते. कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर खुंट्यांची लांब रांग होती आणि एका खुंटीवर कुणाचा तरी पोहण्याचा चष्मा विसरलेला होता. सगळीकडे क्लोरिनचा आणि ओल्या दोरीचा वास होता.

"किती लहान झालाय गं," आई म्हणाली.

"तलाव?"

"तेव्हा हा पलीकडचा काठ म्हणजे परदेश होता मला. पहिल्यांदा पोचले तेव्हा अण्णा म्हणाले, पोचल्याचं पत्र टाक."

पाण्यावर सुकलेली पानं तरंगत होती आणि पाणी अगदी काठोकाठ होतं. पान काठाला लागलं की आपसूक बाहेर फरशीवर येत होतं.

"एवढं भरून कशाला ठेवलंय?" आईने विचारलं. "बुजवायचाय ना?"

मिशीकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तेच तर. उन्हाळा लागल्यापासून मी नळ सोडलेला नाही. पाणी आटायला पाहिजे. रोज बघतो तर हे असं. समितीवाल्यांना वाटतं मी गुपचूप नळ सोडतो. आधीच ते मला पाण्यात पाहतात!"

"खालून झरा लागला असेल."

"तुम्ही म्हणता तर असेल. पण बाई, भरलेल्या बादलीत हात घातला की कसं पाणी वर चढतं? मला तसं वाटतं. आत आधीच कुणीतरी असल्यासारखं."

ते एकटेच हसले आणि त्यांची मिशी हलली. मग जरा ओशाळून म्हणाले, "चहा सांगून येतो," आणि फाटकाकडे गेले.

३

"चल," आई म्हणाली. "घोडं कुठे पेंड खातंय ते बघू."

दिव्यांचा बोर्ड वरच होता. खोल्यांच्या भिंतीवर एक पत्र्याची पेटी, आत काळं फिरवायचं बटण. तिथे उभं राहिलं की सगळा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचा. बाकीची यंत्रं खाली पंपखोलीत होती. तिथे जायला तलावाच्या बगलेतून पायऱ्या उतरायच्या. पंपखोलीच्या वरच्या बाजूला जाळीचा झरोका होता, आणि तो बरोबर बोर्डाखाली उघडायचा. वर ताई बटणापाशी, खाली आई टेस्टर घेऊन, आणि झरोक्यातून एकमेकींना हाका, असं काम सुरू झालं.

"चालू!"

"चालू केलं!"

"बंद!"

"बंद!"

"अगं, आरडतेस काय, मी खाली आहे, परगावी नाही."

फ्यूज ठीक होता. वायर ठीक होती. ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज येत होती आणि पाण्यातल्या दिव्यांना चालते तेवढीच कमी होऊन बाहेरही पडत होती. आईने तलावातलं बाकीचं सगळं बंद केलं. पंप, खोल्यांमधले बल्ब, वरचा भोंगा. मग ताईला खाली बोलावून मीटर दाखवला. जुना मीटर, आत पत्र्याची चकती असलेला. ती गरगर फिरत होती.

"सगळे दिवे लागल्यावर फिरते तशी फिरतेय," आई म्हणाली. "वीज जातेय. कुणीतरी खातंय. मग दिवे का दिसत नाहीत?"

"कुठे चोरून वायर नेली असेल."

"असेल," आई म्हणाली. पण तिने वायर शोधायला एक पाऊलही टाकलं नाही. पंपखोलीच्या भिंतीत एक जाड गोल काच होती, ताटाएवढी. शिक्षक म्हणे तिथून मुलांचे पाय बघायचे, कोण कसं मारतंय ते. काचेवर शेवाळ चढलं होतं आणि पलीकडे नुसता हिरवा काळोख होता. आई त्या काचेकडे बघत होती.

मग मेन स्विच पाडून दोघी दिवा काढायला वर आल्या. त्यासाठी तलाव रिकामा करावा लागत नाही. दिव्याला वरच्या बाजूला एकच स्क्रू असतो, आणि दिव्यामागच्या खोबणीत वायरचं वेटोळं ठेवलेलं असतं, दिवा काठावर आणता येईल इतकं लांब. ताई पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, स्क्रू सोडवला आणि दिवा वर घेतला. पितळी कड्याचा, जड, कलिंगडाएवढा.

पाणी गार होतं. इतकं, की तिची बोटं बधिर झाली होती. आणि दिवा गरम होता.

"आई, हा तापलाय."

"ऊन लागलं असेल."

ऊन केव्हाच भिंतीपलीकडे गेलं होतं. आईने काचेला हात लावला, चटकन मागे घेतला, परत लावला. आणि मग, ताई म्हणते, तिने तो दिवा उचलून गालाला लावला. आपण तापलेल्या पोराचा गाल आपल्या गालाला लावतो तसा.

दिवा उघडला. आतला बल्ब धडधाकट होता. रबरी रिंग कोरडी होती. कुठे गंज नाही, पाणी नाही.

"इथेच वायर जोडून लावून बघू?" ताईने विचारलं.

"खबरदार! हा पाण्याबाहेर लावायचा नसतो. पाणीच याला गार ठेवतं. बाहेर लावलास तर बघता बघता तडकेल." आईने काच पुसली. "काही गोष्टी पाण्यातच टिकतात बाई."

४

दिवा परत बसवेपर्यंत सावल्या लांब झाल्या. मिशीकाकांच्या चहाचा पत्ता नव्हता. आई काठावर पाय सोडून बसली आणि आपणहून बोलायला लागली. ती अशी बोलत नाही. अण्णांचं तर नाहीच.

दिवेलागणीला अण्णा बटण फिरवायचे आणि सगळं पाणी खालून उजळायचं. पोरं एकदम ओरडायची, रोज, जणू पहिल्यांदाच बघतायत. मग खेळ असायचा. बुडी मारून दिव्याला गाल लावायचा आणि कोण जास्त वेळ राहतं ते बघायचं. आई नेहमी जिंकायची. अण्णा तिला बेडकी म्हणायचे.

आणि वेळ संपली की अण्णा हाका मारत नसत. शिटी वाजवत नसत. म्हणायचे, "शिटी कुत्र्याला मारतात. माणसाला दिवा दाखवतात." ते बटण बंद-चालू, बंद-चालू करायचे. दिवे दोनदा मिचकावले की बाहेर. पाण्याखाली असलात तरी ते कळायचंच. पोरं कितीही "अजून थोडा वेळ! अजून थोडा वेळ!" करोत, दुसऱ्यांदा मिचकावले की सगळी काठावर. मग अण्णा एवढंच म्हणायचे, "चला, बाहेर! टॉवेल घेऊन या!" आणि लेकीचं डोकं खरखरीत टॉवेलने असं पुसायचे, की कान लालबुंद व्हायचे.

"आणि त्या दिवशी?" ताईने विचारलं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण तो होता, हे आम्हाला माहीत आहे.

"त्या दिवशी दिवे एकदाच गेले," आई म्हणाली. "मी बुडीत होते. वर आले. अंधार. आम्हाला वाटलं, आता लागतील, मग परत जातील, मग लागतील. आम्ही वाट बघत राहिलो. कुणीतरी हसलं पण. मग माणसं बॅटरी घेऊन धावत आली. अण्णा बोर्डापाशी खाली बसले होते. छातीत कळ आली. शॉक असेल म्हणून कुणीतरी मेन पाडला होता."

ती पाण्यात पाय हलवत होती, आणि पाणी काठावरून सांडत होतं.

"आम्हाला दंडाला धरून काढलं एकेकाला. मला शेजारच्या मावशीने घरी नेलं, ओल्या कपड्यांत. अण्णांना मी परत पाहिलंच नाही. आणि तेव्हापासून हे दिवे लागले नाहीत." मग म्हणाली, "मला त्यांनी बाहेर बोलावलंच नाही गं. मी तशीच आले."

५

"एक जोड बघायचा राहिलाय," असं म्हणून आई खाली गेली. मेन परत वर केला, तेव्हा खालून खटका ऐकू आला. ताई बोर्डापाशी उभी राहिली. उजेड आता राखेच्या रंगाचा झाला होता.

"चालू!"

ताईने बटण फिरवलं. "चालू केलं!"

पाणी तसंच काळं.

"लागले!" खालून आईचा आवाज आला.

"नाही लागले, आई."

"अगं लागले! सगळे लागले!" आई हसत होती. ताईने तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. आमची आई नाकातल्या नाकात हसते. हे हसणं घशातून येत होतं, खळखळून, दम लागलेल्या पोरीसारखं.

ताई वाकून पाण्यात बघायला लागली. एकही दिवा लागला नव्हता. पानंसुद्धा हलत नव्हती. पण झरोक्यातून, आईच्या हसण्याच्या मागे, दुसराही आवाज येत होता. खूप लांबच्या, दार बंद असलेल्या खोलीत पाणी उडवत असावं असा. पंप असेल, ताईने स्वतःला सांगितलं. मग तिला आठवलं, पंप बंद आहे.

हसणं थांबलं. मग आई कुणाशी तरी हळू बोलली. शब्द तीनच होते, आणि ते ताईला स्पष्ट ऐकू आले.

"अजून थोडा वेळ."

६

ताई खाली धावली. पंपखोलीत बल्ब लावलेला नव्हता. आई बॅटरी घेऊन गेली होती आणि ती बॅटरी विझून जमिनीवर पडली होती. तरी खोलीत उजेड होता. निळा, हलणारा. छतावर त्याच्या रेघा डुलत होत्या.

आई गोल काचेपुढे गुडघ्यांवर बसली होती, कपाळ काचेला लावून. काचेवरचं शेवाळ तिने हाताने पुसलं होतं. ताई तिच्या खांद्यावरून वाकली.

ताई म्हणते, मी सगळं बघितलं नाही. जेवढं बघितलं तेवढंच सांगते.

पाणी उजळलेलं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि पाण्यात मुलं होती. पोहत नव्हती. हातपायसुद्धा मारत नव्हती. पाण्याखाली आपापल्या जागी उभी होती, आणि प्रत्येकाचं तोंड जवळच्या दिव्याकडे होतं. शेवटच्या तासाला वर्ग घंटेची वाट बघतो ना, तशी.

काचेच्या अगदी जवळच्या दिव्याला एक मुलगी गाल लावून बसली होती. ताईला आधी वाटलं, आपलंच प्रतिबिंब आहे, कारण नाक तिचं होतं, हनुवटी तिची होती. पण ताईने कधी दोन वेण्या घातलेल्या नाहीत. आणि त्या वेण्या पाण्यात तरंगत नव्हत्या. सरळ खाली लोंबत होत्या.

"ते बघ," आई कुजबुजली, आणि काचेवर बोट ठेवून वर दाखवलं.

वर, पाण्याच्या पलीकडे, काठावर दोन पाय दिसत होते. पाण्यामुळे थरथरणारे. दुमडलेली पँट, रबरी चपला. ते बोर्डापाशी उभे होते. ताई आत्तापर्यंत जिथे उभी होती, बरोबर तिथे.

"आज उशीर करतायत अण्णा," आई म्हणाली. खुशीत म्हणाली.

"आई, चल वर."

"अजून थोडा वेळ."

"आई, अंधार पडला. घरी छोटी एकटी आहे."

आईने काचेवरून कपाळ न हलवता विचारलं, "कोण छोटी?"

इथे ताई थांबली होती. मीही थांबते.

७

ताईने तिचा दंड धरून ओढला. दंड ओला होता, गार, आणि हातातून निसटत होता. आईची बोटं काचेवर पसरलेली होती आणि त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. तासन्‌तास पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. आई हलली नाही. ताई आमच्यात सगळ्यात ताकदवान आहे, गॅसचं सिलिंडर एकटी उचलते, तिच्याने आई तसूभर हलली नाही.

ताई म्हणते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओढून उपयोग नाही. त्यांना एकदा ओढूनच काढलं होतं. म्हणून तर हे असं झालं.

ती पायऱ्या चढून वर आली. काठावर कुणी नव्हतं. बोर्डापाशी कुणी नव्हतं. तिने तिथे जाऊन उभं राहायचं होतं आणि तिचे पाय काही केल्या पुढे जाईनात. कुणी उभं असलेल्या जागेत आपण कसं घुसायचं? शेवटी ती म्हणाली, मोठ्याने, आपल्याच आवाजाची लाज वाटत असताना, "अण्णा, मी करू का?"

तिला वाटलं, जागा झाली. तेवढंच. बसमध्ये शेजारचं माणूस सरकतं तशी.

ती उभी राहिली. बटण गरम होतं. आत्ताच कुणाचा तरी हात निघाल्यासारखं.

खालून, झरोक्यातून, आईचा आवाज आला. लहान, रडवेला. "नको ना. आत्ताच नको."

ताई म्हणते, त्या आवाजाचं मी ऐकणार होते. तो इतका लाडका होता. मग मला तू आठवलीस, कानाला फडकं बांधून बसलेली.

बंद. चालू.

बंद. चालू.

दुसऱ्या खेपेला तलावातले दिवे खरोखर लागले. सगळे. पाणी तळापासून निळं झालं, आणि त्यात कुणीही नव्हतं.

आणि मग, वारा नसताना, काठाच्या चारी बाजूंनी एकदम पाणी उसळलं. फरश्यांवर फटाफट सांडलं. हातांवर जोर देऊन पाण्याबाहेर यावं तसा आवाज झाला, एकाचा नाही, पुष्कळांचा. कोरड्या फरशीवर ओली पावलं वाजत गेली, खोल्यांच्या दिशेने, खुंट्यांच्या दिशेने, ताईच्या दोन्ही बाजूंनी. तिच्या पायाला एक थेंबही लागला नाही. ती डोळे मिटून उभी होती, तिने ते फक्त ऐकलं. डोळे उघडले तेव्हा सगळं शांत होतं, आणि तलावातलं पाणी वीतभर खाली गेलं होतं. वर ओल्या फरशीचा काळा पट्टा राहिला होता. खुंटीवरचा चष्मा नव्हता.

आई कठड्याला धरून पायऱ्या चढत आली. तिचे केस भिजलेले होते, पण पुसलेले, चारी बाजूंनी विस्कटलेले. आणि तिचे कान लालबुंद होते.

"बोलावलं गं मला," ती म्हणाली.

"कुणी?"

आईने पिशवी उचलली, टेस्टर आत टाकला. "चल लवकर. घरी छोटी एकटी आहे."

तेवढ्यात मिशीकाका चहाचे पेले सांभाळत आले आणि पाण्याकडे बघून जागीच थांबले. "लागले! बाई, धन्य आहे तुमची!" मग त्यांची नजर काठावर गेली. "अन् पाणी? पाणी कुठे गेलं एवढं?"

"ज्याचं त्याच्या घरी," आई म्हणाली.

८

निरोपाची संध्याकाळ झाली. दिवे छान लागले म्हणे. आई गेली नाही. मग ट्रक आले, न रुतता, आणि तलाव मातीने भरला. आता तिथे सपाट मैदान आहे.

आई बरी आहे. पूर्वीपेक्षा जास्त हसते. घशातून हसते. ताईला ते आवडत नाही, मला आवडतं. मी ताईला म्हटलंसुद्धा, की झालं ते चांगलंच झालं. बिचारी पोरं इतकी वर्षं वाट बघत होती, आता सगळी आपापल्या घरी गेली असतील.

"हो," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पण बेडकीचं घर कुठलं?"

फार काही नाही, खरंच. दारात ओल असते कधी, पण ती पाइपची असू शकते. माझा टॉवेल मी अंघोळीला जायच्या आधीच ओला असतो. आणि आई हल्ली दिवेलागणीला आम्हाला हाक मारत नाही. खोलीच्या दाराशी येऊन दिवा दोनदा मिचकावते, की पुस्तक असो, खेळ असो, आम्ही निमूट बाहेर. अण्णांची लेक ना, सवय लागली असेल. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट पाण्याखालून वर आल्यासारखं बरं वाटतं.

आज आई आणि ताई लांबच्या कामाला गेल्यात, उशीर होईल म्हणाल्यात, म्हणून तर मी हे लिहायला बसले. बाहेर राखेचा रंग झालाय. आत्ताच दिवा एकदा गेला आणि आला. ताई म्हणते, एकदा गेला तर घाबरायचं नाही, विजेचा दाब कमी-जास्त होतो. दोनदा गेला तर मात्र

गेला. आला. दाराशी कुणीतरी आहे. आई लवकर परतली असणार, कारण "चला, बाहेर!" असं म्हणतेय. आवाज जाड येतोय, पण तिला सकाळपासून सर्दी आहेच. जाते मी. टॉवेल घेऊन ये म्हणतेय, आणि माझा टॉवेल तर बाहेर आधीच कुणीतरी